उत्तर माहीत नसलेले प्रश्न

वर्गात शिक्षक दिवसभर प्रश्न विचारतो आणि त्यातल्या एकाचंही उत्तर त्याला हवं नसतं. ते त्याच्याकडे असतंच. पोराला येतं का, एवढंच बघायचं असतं. वीस वर्षं असे प्रश्न विचारले की बोलण्याला एक वळण लागतं. वाक्याच्या शेवटी सूर जरा चढतो, मग किंचित थांबणं, मग समोरच्याचं अर्धं उत्तर आपणच पुरं करणं. हे वळण घेऊन माणूस बोदवडच्या नाहीतर धरणगावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेबाचं ‘सॉफ्टवेअर बसवायला’ गेला, की पहिल्या अर्ध्या तासात दिवाणजी ओळखतात, हे सर आहेत. मग ते सरांना हवी ती उत्तरं देतात. तीन महिन्यांनी स्टॉक जुळत नाही.

चाळिशी-पंचेचाळिशीत शाळा सोडून या कामाकडे वळू पाहणाऱ्याला सगळे एकच धीर देतात: तुम्हाला शिकवायची सवय आहे, ट्रेनिंग तर तुमच्या डाव्या हातचा मळ. पण ट्रेनिंग हा या कामाचा शेवटचा आणि लहानसा तुकडा. त्याच्या आधी धंदा समजून घ्यायचा, कागद गोळा करायचे, नावांच्या याद्या धुऊन काढायच्या, सुरुवातीच्या शिल्लका चढवायच्या, महिनाभर जुनी वही आणि नवा संगणक शेजारी शेजारी चालवायचा. या सगळ्यात शिकवण्याचं अंग उपयोगी पडतं त्यापेक्षा आड जास्त येतं.

आधी नोकरी सोडण्याबद्दल, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षकाने ‘राजीनामा’ आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ हे शब्द एकच समजू नयेत. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवा जमेतून जाते. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा भरल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ती टिकते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांसाठी हा फरक जन्मभराच्या पेन्शनचा आहे. त्यानंतर लागलेल्यांचं गणित निराळं, त्यांनी आपल्या खात्यातून किती आणि केव्हा काढता येतं ते आधी लेखी विचारून घ्यावं. राजीनामाच द्यायचा असेल तर खाजगी शाळांच्या १९७७ च्या कायद्याने रीत घालून दिली आहे: पत्राच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी आपल्याकडे. एवढं बारीक लिहिलंय त्याअर्थी कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवण्याची चाल कायदा करणाऱ्यांच्या कानावर होती. विनाअनुदानित आणि तासिका तत्त्वावरच्यांना यातली पेन्शन लागू नाही. गमावण्यासारखं कमी असल्यामुळे तेच आधी बाहेर पडतात.

नोकरीत असताना पैसे घेऊन दुसरं काम करता येत नाही, म्हणून पहिलं वर्ष शिकण्याचं धरावं आणि सोडताना घरखर्चाचे अठरा महिने हाताशी असावेत. बारा पुरत नाहीत. पहिलं गिऱ्हाईक सहा महिन्यांत मिळेलही, पण ते पैसे ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतं.

हा विषय निघाला की कुणीतरी अमळनेरचं नाव घेतंच. साने गुरुजी तिथल्या शाळेत १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. विप्रोही तिथलीच, १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि पुढे संगणकाकडे वळली. निरोप समारंभाच्या भाषणाला दोन्ही दाखले छान आहेत. सोमवारी सकाळी डाळ मिलमध्ये त्यांचा काही उपयोग नाही.

शिकायचं काय आणि कुठल्या क्रमाने, यात बहुतेकांची गाडी पहिल्याच स्टेशनावर चुकते. सॉफ्टवेअर आधी शिकतात, हिशेब नंतर. क्रम उलटा हवा. अकरावी-बारावी वाणिज्यचं पुस्तपालनाचं पाठ्यपुस्तक घ्यावं आणि उदाहरणं वहीत सोडवावीत. गंमत अशी की इतिहास-मराठीच्या शिक्षकांना नावे-जमा लवकर समजतं; गणिताचे शिक्षक अधिक-उणे शोधत बसतात आणि अडकतात. परीक्षा सोपी आहे. एक उधार विक्री, त्यातला थोडा माल परत, उरलेल्यातले अर्धे पैसे बँकेत, बाकीच्यावर सूट, या चार नोंदी न बघता लिहिता आल्या आणि प्रत्येकीचा परिणाम ताळेबंदात बोट ठेवून दाखवता आला, की पहिला टप्पा झाला. शाळेच्या वेळेबाहेर शिकणाऱ्याला याला चार महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

मग एक्सेल. ट्रिम (जादा रिकाम्या जागा काढणं), एक्सलूकअप (दुसऱ्या यादीतून शोधून आणणं) आणि पिव्होट (गोषवारा काढणं) एवढं हातात बसलं तरी पुष्कळ. मग टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, कारण खान्देशात ज्या दुकानात जाल तिथे ते आधीच बसलेलं असतं. परवाना न घेता टॅली प्राइम शिकण्याच्या मोडमध्ये चालतं. त्यात नोंदी फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या करता येतात, सरावाला तेवढ्या पुरतात. त्यानंतर एक पूर्ण ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे आणि ४ जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवर घरी बसवता येतं. ओडू या दुसऱ्या ईआरपीची मोफत आवृत्तीही आहे, पण पूर्ण अकाउंटिंग तिच्यात नाही, हे लोकांना बसवून झाल्यावर कळतं.

सॅप या मोठ्या कारखान्यांच्या ईआरपीबद्दल मत विचाराल तर, या वयात आणि या गावातून सुरुवात तिथून करू नये. जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबणार असल्यामुळे नव्या आवृत्तीवर नेण्याची कामं आहेत, हे खरं. ती मिळतात मात्र ज्यांनी दोन-चार कारखान्यांत ती बसवलीत त्यांना. प्रमाणपत्र घेतलेला पंचेचाळिशीचा नवशिका पुण्यात तेविशीच्या नवशिक्याशेजारी रांगेत उभा राहतो आणि रांग त्याच्यापाशी येऊन थांबते. जळगावच्या एमआयडीसीत तोच माणूस निराळा ठरतो. तिथे चटईचे, पाइपचे, डाळीचे मालक त्याला ‘सर’ म्हणतात, कुणाकुणाची मुलं त्याच्या हाताखालून गेलेली असतात, आणि फाटकातून आत शिरायला एवढं पुरतं. आत गेल्यावर मात्र या ओळखीचा काही उपयोग नाही.

आत काय होतं, ते जिनिंगवरून सांगतो, कारण कापसासारखा शिकवणारा माल दुसरा नाही.

गंजीत, म्हणजे ढिगात, शंभर क्विंटल कापूस पडलाय. सर विचारतात, “रुई साधारण चौतीस टक्के निघते ना?” दिवाणजी म्हणतात, “हो.” सर लिहून घेतात: १०० क्विंटल कापूस, ३४ रुई, ६३ सरकी, ३ घट. ३,४०० किलो रुई म्हणजे १७० किलोच्या बरोबर २० गाठी. फळ्यावरच्या उदाहरणासारखं सुटसुटीत जुळतं. हे प्रमाण उत्पादनाच्या सूत्रात बसवलं की ऑपरेटर रोज कापूस किती लावला तेवढंच टाकतो आणि बाकी सगळं आपोआप भरतं. दिवाळीत चालू केलेलं जानेवारीत तपासलं तर कागदावर रुई आहे, गोदामात नाही. किंवा गोदामात सरकी आहे, कागदावर नाही.

चूक प्रश्नात होती. विचारायला हवं होतं, “काल किती निघाली? परवा? पाऊस लागलेल्या मालाची?” उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, जातीप्रमाणे, वेचणीप्रमाणे, ओलाव्याप्रमाणे बदलतो. भारतीय कपास निगम खरेदी करताना ८ टक्के ओलावा पाया धरतं, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात करून घेतं, त्यावर घेतच नाही. खाजगी व्यापारी मुठीत दाबून ठरवतो. दोन्हीकडे काट्यावर जे वजन झालं ते ओल्या मालाचं. मग माल गंजीत आठ-दहा दिवस पडतो आणि सुकतो. यंत्राला लागेपर्यंत शंभरचे अठ्ठ्याण्णव झालेले असतात. हे दोन क्विंटल कुठल्या नोंदीत गेले? वेगळी नोंद ठेवली नसेल तर ते जिनिंगच्या घटीत पडतात, घट तीनची पाच दिसते आणि मालक फोरमनवर संशय घेतो. म्हणून गंजीतली घट आणि यंत्रातली घट या दोन वेगळ्या नोंदी हव्यात, आणि उत्पादनाच्या नोंदीत सूत्र फक्त अंदाज दाखवायला असावं. रुई आणि सरकीचे आकडे रोज वजन करूनच भरले जावेत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक हाच तर मालकाला हवा असलेला रिपोर्ट.

दुसरी फसगत लॉटची. डेमो देणारे शेतकऱ्यानुसार बॅच दाखवतात: अमुक शेतकऱ्याचा कापूस, त्याची रुई, तिची गाठ. दिसायला झकास. पण एका शेतकऱ्याचा कापूस गंजीवर पडला की तो दुसऱ्याच्या कापसापासून वेगळा राहत नाही, त्याचं नाव तिथेच संपतं. बॅच लावायचीच तर गंजीच्या क्रमांकावर आणि तारखेवर लावावी. गाठीचं उलट आहे: तिला प्रेस क्रमांक असतो आणि तिचं वजन तिचं स्वतःचं असतं. १७० हे नाव आहे, वजन नव्हे. एक १६५ भरते तर दुसरी १७२. म्हणून गाठ नुसत्या ‘नग’ या एककात ठेवली की रुईचा स्टॉक हळूहळू सरकत जातो. क्रमांक आणि वजन दोन्ही हवं.

एककांचं तर वेगळंच प्रकरण. खरेदी क्विंटलमध्ये, साठा गाठीत, सरकी पुन्हा क्विंटलमध्ये, आणि रुईचा भाव खंडीवर. खंडी म्हणजे ७८४ पौंड, म्हणजे ३५५.६२ किलो, बाजारात ३५६ म्हणतात. फरक क्षुल्लक वाटतो. १०० गाठी, १७,००० किलो, भाव ५५,००० रुपये खंडी धरला तर दोन हिशेबांत सुमारे २,८०० रुपयांचं अंतर पडतं. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा, दलालाच्या पट्टीत दुसरा, आणि प्रत्येक सौद्याला एवढीच रक्कम ‘वांध्यात’ पडून राहते. “तुमच्या सौद्यात खंडी किती किलोची?” हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो म्हणून विचारला जात नाही.

आणि कर. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा ५ टक्के जीएसटी घेणाऱ्याने भरायचा असतो, रिव्हर्स चार्जने, आणि तो रोखीनेच भरावा लागतो. आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या जमा क्रेडिटमधून चालत नाही. नंतर त्याचं क्रेडिट मिळतं, पण मधल्या काळात पैसा अडकतो. आता खेडा खरेदीवाला टेम्पो भरून माल आणतो. तो शेतकरी की व्यापारी? उत्तरावर कर बदलतो. पार्टीच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कायमच्या यादीत, एक खूण राहून गेली की हंगामभराच्या कराची जबाबदारी विवरणपत्रात दिसतच नाही, आणि व्याजासकट दिसते तेव्हा सर गावाला गेलेले असतात.

सराफ बाजारातला हिशेब याहून बारीक, पण अडचण एकाच जागी आहे: तिथे प्रत्येक माणसाची दोन खाती असतात, एक रुपयांचं आणि एक ग्रॅमचं. कारागिराला २२ कॅरेटचं १०० ग्रॅम सोनं दिलं. ९७.५०० ग्रॅमचे दागिने आणि १.८०० तुकडे-भुगा परत आला, ०.७०० घट. पुढच्या खेपेला ९९५ टंचाचं (हजारात ९९५ भाग शुद्ध) ५० ग्रॅम दिलं. या दोहोंची बेरीज १५० नाही. पहिल्याचं शुद्ध ९१.६००, दुसऱ्याचं ४९.७५०, आणि खातं शुद्धातच चालायला हवं. साध्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे ओढूनताणून बसवू नये. सराफासाठी केलेलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि तीन दशांश स्थळं आहेत का ते आधी बघावं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक बंधनकारक झाल्यामुळे ‘अंगठ्या, नग १२’ अशी नोंद निरुपयोगी झाली आहे. प्रत्येक अंगठी स्वतंत्र.

मोडीच्या, म्हणजे जुनं सोनं देऊन नवा दागिना घेण्याच्या, व्यवहारात तर चूक ठरलेलीच. दोन लाखांचा नवा दागिना, एक लाख वीस हजारांची मोड. कर दोन लाखांवर ३ टक्के, म्हणजे ६,००० रुपये. मोड वजा करून उरलेल्या ऐंशी हजारांवर लावला तर २,४०० होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. बिलाच्या नमुन्यात मोडीची ओळ कराच्या वर छापायची की खाली, एवढ्याच गोष्टीवर ३,६०० रुपये उभे असतात.

डाळ मिलमध्ये एकच डाळ दोन मालांच्या नावाने ठेवावी लागते, कारण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के कर आला आणि ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. चुनी आणि भुसा यांना आपापलं नाव आणि गोदाम द्यायचं, बस. केळीला कर नाही, ई-वे बिल नाही, साठा नाही. रावेर-सावद्याचा व्यापारी प्रत्येक ट्रकचं एक स्वतंत्र खातं मागतो आणि तेवढं दिलं की तो सुखी असतो. ठिबकवाल्यांचा अनुभव ताजा आहे: २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबक संचावरचा दर १२ वरून ५ वर आला, पीव्हीसी पाइपचा १८ च राहिला. ज्यांनी मालाच्या मास्टरमध्ये जुना दर पुसून नवा लिहिला त्यांची जुन्या बिलांवरची माल-परत चुकली, कारण क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने द्यायची असते. दर कधीही पुसायचा नाही, नव्या तारखेने खाली लिहायचा.

ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं आहे की नाही हे ठरवतानाही प्रश्नच चुकतो. “यंदाची उलाढाल किती?” “चार कोटी.” सर निश्चिंत. पण ५ कोटींची अट, जी १ ऑगस्ट २०२३ पासून आहे, ती २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही मागच्या वर्षाला लागते आणि एकाच पॅनवरच्या सगळ्या शाखा धरून. तेव्हा यंदाचं विचारून काही कळत नाही. “मागे कधी पाच ओलांडले होते का? या पॅनवर अजून काय काय चालतं?” असं विचारलं की शेठ पहिल्यांदा नीट सरांकडे बघतात.

याद्या धुऊन काढण्याच्या कामात मात्र शिक्षकांचा हात कुणी धरणार नाही. सरल, शालार्थ, यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींनी ज्यांच्या रात्री खाल्ल्या, विद्यार्थ्याचं आधारवरचं नाव आणि हजेरीपटावरचं नाव जुळत नाही म्हणून ज्यांनी पालकांच्या घरी खेटे घातले, ते नकळत याच कामाची उमेदवारी करत होते. व्यापाऱ्याच्या खात्यांतही एकच पार्टी तीन नावांनी असते: एकदा गावासकट, एकदा मालकाच्या आडनावाने, एकदा शेवटी एक रिकामी जागा पडून. पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक इथे कामाला येतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. दहा अक्षरं जुळली की नावं कितीही वेगळी असोत, करदाता एक. आणि पहिले दोन अंक खान्देशात डोळ्यात तेल घालून बघायचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, गुजरात २४. रावेरवाल्याचं गिऱ्हाईक बऱ्हाणपूरला, शिरपूरवाल्याचं सेंधव्याला, नवापूरवाल्याचं सीमेपलीकडे. राज्य चुकलं की कर चुकीच्या खात्यात पडतो. योग्य खात्यात तो पुन्हा भरायचा आणि आधीच्याचा परतावा मागत बसायचं.

याद्या मराठीत असतील तर फॉन्ट तपासावा. जुन्या संगणकावरच्या शेतकऱ्यांच्या याद्या बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतात. पडद्यावर ‘पाटील’ दिसतं आणि आयात केल्यावर कचरा येतो. आधी रूपांतर, मग पन्नास नावं डोळ्यांनी तपासणं, मग आयात. जोडाक्षरं आणि रफार हमखास मोडतात.

सुरू कधी करायचं? पुस्तकं १ एप्रिल सांगतात. पण आपल्याकडे वर्ष तीनदा संपतं. सरकारचं ३१ मार्चला, दुकानाचं लक्ष्मीपूजनाला, आणि शेतीचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा सालदाराचं साल पुरं होतं आणि उचल-बाकीचे हिशेब मिटतात. शेतकऱ्याशी उधारीचा संबंध असलेल्या खत-बियाण्यांच्या दुकानात एप्रिलची शिल्लक आखाजीपर्यंत पक्की धरू नये, ती हलत असते. जिनिंगचं काम जुलै-ऑगस्टमध्ये करावं, तेव्हा यंत्रं उघडून ठेवलेली असतात आणि माणसं मोकळी. सराफाकडे दिवाळी, आखाजी आणि लग्नसराई सोडून. महिन्यातही ११ आणि २० या विवरणपत्रांच्या तारखांच्या आसपास कुणाला नवं काही शिकवायला जाऊ नये.

शिकवण्यावर आलोच आहोत. पस्तीस मिनिटांची तासिका इथे चालत नाही. प्रोजेक्टर लावून सगळ्यांना सगळं समजावलं की सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी काटेवाला पावती हाताने लिहितो. काटेवाल्याला त्याची एक स्क्रीन, त्याच्याच खुर्चीवर, गाडी काट्यावर उभी असताना, दहा मिनिटं. चूक झाली की हात माउसकडे न्यायचा नाही. शिक्षकाला हे फार जड जातं. आणि अहिराणीत बोलता येत असेल तर बोलावं. प्रमाण मराठीत विचारलं की “हो सर, बरोबर आहे” येतं. मायबोलीत विचारलं की “आमनं असंच चालस” म्हणत खरं काय चालतं ते येतं.

शिक्षकाचं खरं भांडवल उत्तरपत्रिका तपासण्यात आहे. चुकलेलं उत्तर बघून पोरगं कुठल्या पायरीवर घसरलं हे ज्याला दिसतं, त्याला जुळणीतला फरकही वाचता येतो. फरक ९ ने भागला जातोय? अंक उलटे पडलेत, २,८४० चे २,४८० झाले असतील. ३६० ला नऊने भाग जातो. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत दिसतेय? ती चुकीच्या बाजूला गेलीय. फरक रोज तेवढाच राहतोय? सुरुवातीच्या शिल्लकेत आहे, रोजच्या नोंदीत शोधू नका. रोज वाढतोय? कुणीतरी रोज एकच चूक करतंय, आणि बहुधा त्याला तसंच शिकवलं गेलंय. वही आणि संगणक शेजारी चालवण्याचा महिना हेच सगळं वाचण्यासाठी असतो. पंधराव्या दिवशी मालक म्हणतो, दोनदा लिहायचं कशाला. तिथे नमायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. दिवसावर दर लावू नये, टप्प्यांवर लावावा: काम समजून घेऊन लिहून दिल्यावर एक हिस्सा, मास्टर आणि शिल्लका चढल्यावर दुसरा, पहिलं महिनाअखेर जुळल्यावर तिसरा. वर्षाची देखभाल वेगळी. किती रिपोर्ट, किती बिलांचे नमुने, किती फेऱ्या हे कागदावर असावं, नाहीतर “सर, एवढं एक करून द्या” याला अंत नसतो. ‘सर’ या हाकेत आदर असतो आणि फुकटची अपेक्षाही. सॉफ्टवेअर विकण्याचं कमिशन घेत असाल तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगावं. वर्षाची मिळकत २० लाखांच्या पुढे गेली की स्वतःलाही जीएसटी नोंदणी लागते, हे दुसऱ्यांची विवरणपत्रं जुळवता जुळवता लोक विसरतात.

आता दिवाणजी. बहुतेक जण त्यांना अडथळा समजतात. त्यांना वाटतं नोकरी जाईल, म्हणून ते माहिती लपवतात, असं म्हटलं जातं. काही लपवतातही. पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असते, आणि पेढीचा खरा हिशेब बिलबुकात किंवा टॅलीत नसून तिच्यात असतो. कुणाला किती दिवसांनी आठवण करायची, कुणाच्या मालाला काट्यावर किती कटती, हमाली कुणाकडून घ्यायची आणि कुणाकडून नाही, बारदान कुणाकडे अडकलंय. ती वही पहिल्या भेटीत मागायची नाही, मिळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारी, चहा झाल्यावर. फोटो काढायचा नाही, समोर बसून हाताने उतरवून घ्यायची. रकाने मोजायचे. नाव, गाव, नग, वजन, भाव हे छापील पट्टीतही असतात. त्यापुढे शेवटी एक रकाना सापडतो, ज्यावर शीर्षक नसतं आणि ज्यात नुसत्या खुणा असतात, एखादी फुल्लीसारखी, एखादी टिंबासारखी. तो कसला, एवढं विचारायचं, आणि मग दिवाणजी बोलेपर्यंत काहीही सुचवायचं नाही.